स्टीलच्या निबेचा शोध कुणी लावला? (एका नावात उत्तर मागू नका)

शाईचा डाग

नात सातवीत आहे. परवा शाळेतून प्रश्नमंजूषेचा कागद घेऊन आली. त्यात एक प्रश्न : 'टाकाच्या स्टीलच्या निबेचा शोध कोणी लावला?' खाली चार नावं. जॉन मिचेल, जोसेफ गिलॉट, जोसाया मेसन, जेम्स पेरी. मी म्हटलं, चौघांपुढेही खूण कर. तिने केली. गुण गेला. तेव्हापासून घरात माझ्याकडे कुणी अभ्यास घेऊन येत नाही.

पण माझा हट्ट काही सुटत नाही. त्या चौघांतल्या एकाचं नाव घेतलं की उरलेले तिघे मानगुटीवर बसतात. म्हणून हा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे धातूची लेखणी या चौघांच्या आधीपासून होती. बर्मिंगहॅमच्या सॅम्युअल हॅरिसनने १७८० च्या सुमारास जोसेफ प्रीस्टलीला (तोच, ऑक्सिजनवाला) स्टीलची लेखणी करून दिली असं सांगतात. १८०८ मध्ये इंग्लंडात ब्रायन डाँकिनने धातूच्या लेखणीचं पेटंट घेतलं, १८०९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या पेरेग्रिन विल्यमसनने घेतलं. मग अडलं कुठे? तर करण्यात. सुरुवातीच्या लेखण्या म्हणजे पत्रा गुंडाळून केलेली नळी. पत्र्याच्या दोन कडा जिथे भेटतात तीच चीर, आणि पुढचं टोक कानशीने घासून काढायचं. एकेक नग हाताने. ताठ इतकी की कागदावर नांगर चालवल्यासारखं वाटावं. किंमत बघून लोक म्हणायचे, आपलं हंसाचं पीस बरं.

पिसाची अडचण वेगळी. टोक लवकर बसतं, सारखं तासावं लागतं. 'पेननाइफ' हा शब्द त्या तासण्याच्या चाकूवरूनच आला. कचेरीत कारकुनाचा बराच वेळ तासण्यातच जायचा.

आता बर्मिंगहॅम. त्या गावात 'टॉय' म्हणजे खेळणी नव्हेत. बकला, बटणं, साखळ्या, डब्या असला धातूचा बारीकसारीक माल म्हणजे 'टॉय'. तो करायला घरोघर, गल्लोगल्ली फ्लायप्रेस. वर आडवा दांडा, त्याच्या टोकाला वजन. दांडा ओढला की स्क्रू फिरतो आणि पंच खाली येऊन पत्रा कापतो. जॉन मिचेलने १८२२ च्या सुमारास निबा यंत्रावर करायला घेतल्या. सहसा पहिला मान त्यालाच देतात. भाऊ विल्यम, त्यानेही १८२५ मध्ये वेगळं दुकान थाटलं.

या मिचेल बंधूंची बहीण मारिया. तिने लग्न केलं ते जोसेफ गिलॉटशी. हा शेफिल्डचा, १७९९ चा जन्म, चाकूसुऱ्यांच्या कामात हात तयार झालेला. १८२१ मध्ये बर्मिंगहॅमला येऊन बकलांच्या धंद्यात पडला. लग्नाच्या दिवशी सकाळी त्याने एक ग्रोस निबा केल्या आणि नगाला एक शिलिंग या दराने विकल्या, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे १४४ शिलिंग, सात पौंड चार शिलिंग. खरी-खोटी देव जाणे, पण तेव्हा एका निबेला एक शिलिंग मिळायचा हे त्यातून कळतं. पुढे १८६० च्या दशकात साध्या निबांचा अख्खा ग्रोस काही पेन्सांत मिळू लागला. १८३१ मध्ये गिलॉटने निबेचं टोक लांबट करण्याचं पेटंट घेतलं, १८४० च्या सुमारास ग्रॅहम स्ट्रीटवर व्हिक्टोरिया वर्क्स उभं केलं आणि राणीचा निबवाला झाला.

मला सगळ्यात आवडतो तो मेसन. किडरमिन्स्टरच्या गालिचे विणणाऱ्याचा मुलगा, लहानपणी रस्त्यावर केक विकलेले. बर्मिंगहॅमला येऊन सॅम्युअल हॅरिसनचाच (हो, वरचाच) किल्ल्यांच्या कड्यांचा धंदा त्याने घेतला. १८२९ च्या आसपास बुल स्ट्रीटवरच्या एका पुस्तकवाल्याच्या काचेत त्याला स्टीलची निब दिसली. सहा पेन्स देऊन एक घेतली, घरी नेली, त्याहून बरी करून पाहिली. निबेवर लंडनच्या जेम्स पेरीचं नाव होतं. मेसनने आपला नमुना थेट पेरीलाच टपालाने धाडला! आणि पेरी गडी दोन दिवसांत बर्मिंगहॅमला हजर. रेल्वे अजून यायची होती, घोडागाडीने आला. तेव्हापासून मेसन निबा करायचा आणि त्यावर शिक्का पेरीचा. वर्षानुवर्षं जगातल्या सगळ्यात मोठ्या निब-कारखान्यांपैकी एकाचा मालक, पण लिहिणाऱ्याला त्याचं नाव ठाऊक नाही.

आणि पेरीचं काय? त्याच्या १८३० च्या पेटंटात निबेच्या चिरेच्या वरच्या टोकाला भोक होतं. एवढंच. पण ते भोक नसतं तर बाकी सगळं फुकट.

आता सांगा, गुण कुणाला द्यायचा?

चौकस चिमणी

वाचतेय. एक बाळबोध शंका. भोकात एवढं काय आहे? मी आजवर समजत होते, ते शाई साठवायला असतं.

घिसाडी

चिमणीताई, आम्ही हीट ट्रीटमेंटवाले (धातू तापवून-निववून कडक-मऊ करणारे), त्यामुळे हा प्रश्न आमच्या पानात वाढलेला.

चीर नुसती पत्र्यात संपली तर तिच्या टोकाशी सगळा ताण एका बिंदूवर येतो. दाबून लिहिलं की तडा तिथून पुढे सरकतो. गोल भोक केलं की ताण त्याच्या काठावर पसरतो. विमानाच्या पत्र्याला तडा गेला तर तो पुढे जाऊ नये म्हणून टोकाशी भोक पाडतात, तेच हे. शिवाय दोन्ही पाकळ्या उघडायला मोकळीक मिळते, म्हणजे निब लवचिक होते. काही निबांना बाजूलाही चिरा असतात, त्याही लवचिकतेसाठीच. थोडी शाई भोकापाशी थांबते हे खरं, पण तो वरकड फायदा.

धागाकर्त्यांनी करण्याची रीत घाईत उरकली, ती मी पुरी करतो. अर्धा शोध तिथेच आहे.

शेफिल्डहून स्टीलच्या पट्ट्या येत. आधी तापवून मऊ करायच्या, तेजाबात घालून पापुद्रा काढायचा, मग लाटायच्या. निबेला हवी तेवढी जाडी येईपर्यंत लाटत राहायचं. मग फ्लायप्रेसवर चपटे तुकडे कापायचे. हे तुकडे पट्टीवर दोन ओळींत, एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकात अडकेल असे मांडत, म्हणजे वाया कमी. मग भोक आणि बाजूच्या चिरा. पुन्हा मऊ करायचं. मग नावाचा शिक्का. मग पन्हळ्याचा आकार. इथपर्यंत धातू मऊ, म्हणून सगळं सोपं.

यानंतर पाणी पाजायचं. विळ्या-कोयत्याला पाजतात तसंच, फक्त पाण्याऐवजी तेल. लालबुंद निबा तेलात ओतल्या की काचेसारख्या कडक आणि काचेसारख्याच ठिसूळ होतात. बोटात दाबली तर कटकन मोडते. म्हणून परत हळूहळू तापवायचं (यालाच टेम्परिंग म्हणतात), फिरत्या डब्यात, विस्तवावर. पत्र्याचा रंग पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असा बदलत जातो. कुठल्या रंगावर थांबायचं ते कारागिराचे डोळे ठरवतात. तिथे अर्धा मिनिट चुकलं तर आख्खा घाणा गेला.

आणि चीर? ती जवळजवळ सगळ्यात शेवटी, कडक स्टीलमध्ये! आधी पाडली तर तेलात बुडवताना दोन्ही पाकळ्या वाकड्या होतील, फट उघडी राहील आणि शाई धरणारच नाही. नळीवाल्या जुन्या लेखणीत चीर म्हणजे उरलेली फट होती, इथे ती मुद्दाम, केसाइतकी, अगदी मधोमध कापलेली. माझ्या लेखी हा शोध आहे. तो कुणा एकाच्या नावावर नाही, कारण तो डाय-पंच, म्हणजे कापायची-ठोकायची हत्यारं, करणाऱ्या टूलरूममध्ये लागला.

बोरूबहाद्दर

छान आहे हो. पण आपल्याकडे बोरू होताच की. दोन पैशांत, चाकूने कापला की तयार. साहेबाने निब आणली आणि आपलं अक्षर बिघडवलं, मोडी घालवली. त्याचंही बोला.

तिरका काप

बोरूबुवा, थोडं खरं आणि थोडं गुळमुळीत.

बोरूचं टोक रुंद आणि तिरकं कापलेलं. जाड-बारीक रेघ येते ती हाताच्या कोनामुळे, दाब सारखाच. गिलॉटची टोकदार निब याच्या उलट. ती दाबली की पाकळ्या उघडतात आणि रेघ जाडावते, दाब सोडला की केसासारखी. इंग्रजी कॉपरप्लेट, म्हणजे जाड-बारीक रेघांचं वळणदार अक्षर, त्यावर फुललं. देवनागरीला मात्र उभ्या काठीवर ओझं टाकून चालत नाही. दाबाने काढलेली वेलांटी बघा, दम्याचा रोगी श्वास घेतोय असं वाटतं.

पुढे रुंद टोकाच्या निबा आल्या, पण त्यांचा काप रोमन लिपीच्या सोयीचा. देवनागरीला काप उलट्या तिरक्याचा लागतो, जाड रेघ दुसऱ्या कर्णावर पडते. विद्यार्थ्यांना मी डावखुऱ्यांसाठी मिळणारी तिरक्या कापाची निब घ्यायला सांगतो, उजव्या हाताने धरा म्हणतो. दुकानदार दरवेळी विचारतो, 'सर, सगळा वर्ग डावखुरा कसा?'

मोडीचं खापर मात्र टाकावर फोडू नका. मोडीला खरा फटका छापखान्याचा. छपाईचे खिळे बाळबोधाचे, म्हणजे देवनागरीचे, सोयीचे पडले.

शाईचा डाग

घिसाडी, मानलं. 'मुद्दाम कापलेली फट' हे मला सुचलं नव्हतं. तिरकाकाप, तुमचा दुकानदार भेटायला हवा.

ब्रमी वहिनी

मी नऊ वर्षं बर्मिंगहॅमला आहे. हा धागा वाचून गेल्या रविवारी मुलाला घेऊन पेन म्युझियममध्ये जाऊन आले. ज्वेलरी क्वार्टरमध्ये, फ्रेडरिक स्ट्रीटवर. इमारत १८६३ ची, वायली नावाच्या निबवाल्यानेच बांधलेली. लाल-पांढऱ्या-निळ्या विटा, दुरून एखाद्या इटालियन वाड्यासारखी दिसते. गिलॉटचं व्हिक्टोरिया वर्क्स हाकेच्या अंतरावर.

आत खऱ्या प्रेसवर आपली आपण निब करता येते. आधी कापायचं. डाव्या हाताने पट्टी सरकवायची, उजव्या हाताने दांडा ओढायचा. सोपं वाटतं. माझे पहिले दोन तुकडे अर्धचंद्र निघाले. पट्टी सरकवणारा हात आणि दांडा ओढणारा हात एका ठेक्यात यायला हवेत, जात्यावर वैरण घालणारा हात आणि खुंटा फिरवणारा हात यावेत तसे. मग भोक, मग शिक्का, मग आकार. आकार देताना तुकडा पंचाखाली सरळ बसला नाही तर निब तोंड वाकडं करते. माझी केली. चीर पाडायच्या हत्याराशी डोळे बारीक करून बसले तेव्हा कळलं, हे काम दिवसभर कोण करत असेल.

आणि तोच मुद्दा मला मांडायचाय. इथे चार पुरुषांची नावं चाललीयेत. निबा करणाऱ्या बहुतेक बायका आणि पोरी होत्या. पट्ट्या लाटणं, पाणी पाजणं, हत्यारं करणं ही पुरुषांची कामं. कापणं, भोक, आकार, घासणं, चीर पाडणं सगळं बायकांकडे. कापणाऱ्या बाईकडून दिवसाला १८,००० तुकड्यांची अपेक्षा असायची. जुन्या वर्णनांत तर हुशार हाताचे २८,००० सांगितलेत. १० तासांचा दिवस धरा. १८,००० म्हणजे दोन सेकंदांना एक, न थांबता, पाणी न पिता. बोलल्याबद्दलही दंड.

त्यांच्यापैकी एकीचंही नाव निबेवर नाही. मेसनचं नव्हतं म्हणून शाईकाकांना वाईट वाटलं, म्हणून लिहिलं.

चौकस चिमणी

वहिनी, +१. दोन सेकंदांना एक हे मी टेबलावर चमचा आपटून करून पाहिलं. तीन मिनिटांत हात भरून आला.

शाईचा डाग

ब्रमीताई, कान पकडले. प्रश्नमंजूषेत पाचवा पर्याय हवा होता.

घिसाडी

ताईंनी घासण्याचा उल्लेख केला त्यावर एक पुस्ती. टोकाच्या जरा मागे निब बाहेरून घासून पातळ करायचे, आडवी आणि उभी. तिथे पाहिलं तर बारीक ओरखड्यांचा चकचकीत पट्टा दिसतो. त्यामुळे निब नेमकी तिथेच लवते. ही नजर आणि बोटांची करामत. चाकाला निब टेकवायची आणि काढायची, क्षणाचं काम. जरा जास्त झालं की निब लुळी.

शेवटी रंग आणि वर वार्निश. वार्निश चपड्या लाखेचं. आणि लाख यायची ती मुख्यतः हिंदुस्थानातून! बोरूबुवा, साहेबाच्या निबेवर आपला हात फिरला होता बरं.

बोरूबहाद्दर

घ्या! झाडावरचा लाखेचा किडा आपला, नफा त्यांचा.

आजोबांचा चष्मा

आम्ही शाळेत टाक वापरलेली बहुधा शेवटची पिढी. बाकाला दौतीसाठी गोल भोक. शाई पुडीची किंवा गोळीची, पाण्यात विरघळवून. आमच्याकडे घोडा छाप. दांडेकरांनी १९३१ मध्ये गिरगावात सुरू केलेला हा उद्योग, पुढे त्याचंच कॅम्लिन झालं.

नवी निब शाई धरत नाही. थेंब होऊन गळतो आणि कित्त्यावर बेट तयार होतं. त्यावर उपाय म्हणजे निब तोंडात धरून चोखायची. मास्तरच शिकवायचे. आज वाचताना कळलं की आपण वार्निश नाहीतर तेल खात होतो. मागे निब बाकात खुपसून 'टण्ण' वाजवणं हा तास संपत नसला की करायचा उद्योग. त्यात किती निबा मेल्या त्याचा हिशोब वडिलांकडे होता.

बाय द वे, आमच्याकडे 'निफ' म्हणत. आणि तो निफ. ती निब कधीपासून झाली?

तिरका काप

काका, 'निफ' अजून चालतं. माझे फाउंटनपेन दुरुस्त करणारे गृहस्थ 'निफ बसलाय' असंच म्हणतात. लिंगाच्या वादात पडू नका, धाग्याचं काश्मीर होईल.

आणि नवी निब चोखण्यापेक्षा कोमट पाणी आणि भांडी घासायची पावडर. किंवा कच्च्या बटाट्यात दोन मिनिटं खोचून ठेवायची. काहीजण काडेपेटीच्या ज्योतीवरून फिरवतात. तसं करू नका. घिसाडींनी सांगितलेले रंग आठवा, निबेचं पाणी उतरेल.

घिसाडी

अगदी अगदी. ज्योत म्हणजे पुन्हा टेम्परिंग, तेही अंदाजपंचे.

चौकस चिमणी

अजून एक. एवढ्या निबा लागायच्या कशाला? टिकत नव्हत्या का?

शाईचा डाग

नाहीच टिकत. तेव्हाची शाई मायफळ आणि हिराकसाची, आंबट. साधं स्टील तीत आठवड्या-दोन आठवड्यांत गंजायचं. पिसाला ही शाई काही करत नसे. म्हणजे सोन्यासारखी टिकाऊ म्हणून स्टीलची निब जिंकली नाही. ती स्वस्त होती, सगळ्या एकसारख्या होत्या आणि बिघडली की फेकून दुसरी लावता येत होती. वापरा आणि फेकाचा हा बराच जुना अवतार. एका टन स्टीलमधून दहा लाखांहून जास्त निबा निघत. १८४० मध्ये इंग्लंडात पेनी पोस्ट आलं, एका पेनीत देशभर पत्र. १८७० च्या शिक्षण कायद्याने शाळा वाढल्या. लिहिणारे हात वाढले, निबांचा डोंगर लागला.

पैसाही तसाच आला. गिलॉटने टर्नर या नामवंत इंग्रज चित्रकाराची चित्रं जमवली. १८७२ मध्ये त्याच्या संग्रहाचा लंडनला लिलाव झाला तेव्हा दीड लाख पौंडांच्या वर रक्कम उठली. निब विकून टर्नर! मेसनने अनाथालय बांधलं आणि विज्ञानाचं कॉलेज काढलं. ते १८८० मध्ये उघडलं आणि १९०० मध्ये त्यातून बर्मिंगहॅम विद्यापीठ झालं. कुठे त्या सहा पेन्सांच्या निबेची काच आणि कुठे विद्यापीठ. म्हणून मेसन आवडतो म्हटलं.

तिरका काप

धंदा पसरलाही खूप. फ्रान्समध्ये बुलोनला ब्लान्झी-पूर १८४६ पासून निबा करत होते. रिचर्ड एस्टरब्रुक १८५८ मध्ये अमेरिकेत कॅम्डेनला गेला तो बर्मिंगहॅमचे कारागीर घेऊनच. एडिंबरोच्या मॅकनिव्हन आणि कॅमेरॉनची वेव्हर्ली निब तर गमतीची, टोक जरा वर वळवलेलं. त्यामुळे खडबडीत कागदात रुतत नाही, सपाट सरकते.

मग फाउंटनपेन आलं आणि १९३८ मध्ये बिरोने बॉलपेनचं पेटंट घेतलं. संपलं. पण पुरतं नाही. जपानी मांगा (चित्रकथा) काढणारे आजही 'जी पेन' नावाची टाकाची निब वापरतात. आणि लिओनार्ट नावाच्या निबा अजून इंग्लंडात होतात, श्रॉपशरमधल्या हायली गावात. माझ्या वर्गातल्या डावखुऱ्या निबा त्याच नावाच्या.

ब्रमी वहिनी

हायली माझ्यापासून फार लांब नाही! तुमच्या 'डावखुऱ्या वर्गा'साठी हव्या असतील तर डिसेंबरात येताना आणते. माझी स्वतःची निब पण आणेन. काल शाईत बुडवून पाहिली. 'श्री' लिहायला घेतला, कागदाला भोक पडलं.

शाईचा डाग

जरूर आणा. माझ्या नातीला दाखवायचीय.

तिच्या बाईंना हा धागा छापून दिला. गुण मिळाला नाही. पण त्यांनी कागद परत पाठवला त्यावर लाल पेनाने लिहिलं होतं : 'कृपया पुढच्या वेळी पालकांनी एकाच पर्यायावर खूण करावी.' बॉलपेनने.